जमिनीखालचे ठिपके

दर्शना सरकटेचं काम म्हणजे घरं पुसणं. एका दिवसात ती हजार-बाराशे घरं सहज नाहीशी करायची. शिवाय झाडं, विजेचे खांब, पाण्याच्या टाक्या, पत्र्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, सगळं. एवढा उत्पात करूनही कुणी तिला शिव्या घालत नव्हतं, कारण हे सगळं चालायचं अंधेरीला, मरोळच्या एका जुनाट औद्योगिक इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, संगणकाच्या पडद्यावर.

प्रकार असा, की थंडीत हवा कोरडी असताना एक छोटं विमान शेत नांगरल्यासारखं उपनगरांवरून येरझाऱ्या घालतं. त्याच्या पोटाशी एक यंत्र असतं. ते सेकंदाला लाखो वेळा खाली लेसरचा किरण सोडतं. किरण खाली कशावर तरी आपटतो आणि परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं, आणि विमान त्या क्षणी नेमकं कुठे होतं हे ठाऊक असल्यामुळे किरण जिथे लागला त्या जागेची उंची कळते. एका किरणाचा एक ठिपका धरला तरी असे कोट्यवधी ठिपके जमतात. काही पानांवरचे, काही पत्र्यांवरचे, आणि काही पानांच्या फटींतून वाट काढत थेट मातीला लागलेले. सरकारी खात्याला हवी असते फक्त माती. पाणी कुठे तुंबेल, टेकडी कुठे घट्ट आहे आणि कुठे ढासळेल, हे म्हणे मातीच सांगते. म्हणून वरचं सगळं बाजूला काढायचं आणि उघडी जमीन तेवढी द्यायची. बरंचसं काम संगणक करतो, तो चुकतो तिथे दर्शनासारखी माणसं बसवतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर तीन हजार फुटांवरून पाहायचे.

आयटीआयमधून सर्व्हेचा कोर्स केलेली ही मुलगी राहायची घाटकोपर पश्चिमेला, खडीमशीनच्या टेकडीवर. खडीमशीन बंद पडून तीस वर्षं झाली, नाव तेवढं राहिलं. तिचे वडील धोंडिराम मेहकरकडून आले ते इथल्या खाणीत दगड फोडायला. खाण बंद झाली तेव्हा ते गवंडी झाले. गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. स्वतःचं घर त्यांनी चौऱ्याण्णव साली बांधलं, आणि ओळंबा लावून बांधलं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगत. झोपडपट्टीत ओळंबा कोण लावतो? धोंडिराम लावायचे. दोरीला टांगलेलं ते पितळी वजन त्यांनी जन्मात कुणाला उसनं दिलं नाही. "माणूस खोटं बोलंल, ओळंबा नाही बोलणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकून गल्लीचे कान किटले होते.

आई सुंदराबाई. सकाळी उठल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो सरळ करणं. एका खिळ्याला सुतळीने टांगलेला तो फोटो अलीकडे रोज वाकडा व्हायला लागला होता. "मागनं उंदीर पळत्यात गं," असं म्हणत ती पदराने काच पुसायची, फोटो भिंतीच्या रेषेत आणायची, दोन पावलं मागे जाऊन बघायची. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच.

फेब्रुवारीत जानेवारीच्या उड्डाणाचे ठिपके ऑफिसात आले. आता इथे एक भानगड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. काही ठिपके जमिनीच्याही खाली दिसतात. किरण काही जमिनीत घुसत नाही. तो दोन भिंतींमध्ये आपटत, रेंगाळत उशिरा परततो आणि यंत्राला वाटतं की तिथे खोल काहीतरी आहे. दाट वस्तीत असे खोटे ठिपके ढिगाने सापडतात. ऑफिसात त्यांना 'लो पॉइंट' म्हणत, आणि नियम साधा होता. लो पॉइंट दिसला की कचऱ्यात टाकायचा. दर्शनाचा हात यात इतका सरावलेला होता, की तिचा साहेब, अनिरुद्ध सर, नव्या मुलींना तिच्या खुर्चीमागे उभं करून दाखवायचा.

चौकोन क्रमांक दोनशे सतरा तिच्याकडे आला तो असाच एका दुपारी. चौकोनांना नावं नसतात, आकडे असतात. घरं संगणकाने आधीच पुसली होती. उरला होता एक उघडा उतार, आणि त्याच्या वरच्या अंगाला तेहतीस लो पॉइंट. तिने माउसने त्यांच्याभोवती कुंपण घातलं आणि बटण दाबलं. चार सेकंद लागले असतील. मग ती चहाला गेली. ज्या उतारावर आपण जन्मलो, चालायला शिकलो, पडून गुडघे फोडून घेतले, तो उतार घरं काढल्यावर तिला ओळखू आला नाही. त्या चार सेकंदांवरून तिने पुढे स्वतःला फार छळलं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी नळाला पाणी आलं होतं. हा सार्वजनिक नळ गल्लीच्या मागे, घरांच्या आणि टेकडीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. दर्शना एरवी त्या बाजूला फिरकत नसे, पण त्या दिवशी सुंदराबाईची कंबर धरली होती म्हणून कळशी घेऊन तीच गेली. शेजारची शकुमावशी तिथे कपडे धूत होती. शकुमावशी सावंतवाडीकडची. नवरा गिरणीतला, गिरणी गेली आणि नवराही गेला, जीभ मात्र शाबूत होती. तिने बादलीतलं साबणाचं पाणी ओतलं. पाणी गल्लीकडे वाहत येईल म्हणून दर्शना बाजूला सरकली. पाणी आलंच नाही. दोन हातांवर जमिनीत शिरलं आणि दिसेनासं झालं.

"मावशी, हे पाणी कुठे जातं?"

"अगो, ती भेग नाय काय? दर वर्षाक पडता. जयंतीच्या आधी तुझो बापूसच बुजवता, डबर नि सिमेंट घालून. औंदा दिवाळीपासून मेली परत परत उघडता. माका काय, पाणी आपसूक जाता, गटार साफ करूचो त्रास नाय."

दर्शना खाली बसली. गवत बाजूला केलं. भेग चार बोटं रुंद होती. तिने आत हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांद्यापर्यंत हात आत गेला आणि बोटांना तळ लागला नाही. आतून गार हवा येत होती. भेग दोन्हीकडे गवतातून लांबपर्यंत गेली होती, आणि उंबराच्या झाडापाशी किंचित वळली होती.

ते वळण तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठे ते आठवायला तिला फार वेळ लागला नाही. खोटे ठिपके इकडेतिकडे विखुरलेले असतात, एका रेषेत बसत नाहीत. तिने पुसलेले तेहतीस ठिपके एका रेषेत होते आणि एका जागी किंचित वळले होते.

सोमवारी तिने मूळ फाइल उघडली. नशिबाने मूळ ठिपके कुणी कधी फेकून देत नाही, नुसते 'कचरा' म्हणून शिक्का मारून ठेवतात. तिने शिक्का काढला. तेहतीसही ठिपके परत आले आणि उतारावर कापलेल्या नखासारखी एक कोर उमटली. साठ मीटर लांब. मग तिने पुसलेली घरं परत बसवली. कोर अकरा घरांच्या पाठीमागून जात होती. डावीकडून चौथं घर धोंडिराम सरकट्यांचं.

अनिरुद्ध सर वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे सगळं पाहिलं, खालच्या अंगाला टॉवरच्या पायासाठी टेकडीचा पायथा खणलाय हेही नकाशावर शोधून काढलं आणि डोकं खाजवलं. "दर्शना, हे बघ. रिपोर्ट गेलाय. त्यात जमीन एकदम ओके आहे, आणि ती ओके तूच केलीयस. आता तेहतीस ठिपक्यांवर खातं अकरा घरं हलवणार नाही. मी पत्र टाकतो. ते म्हणतील, परत मोजा. आपण ड्रोनला छोटा लेसर बांधून तेवढा तुकडा परत उडवू. भेग परत दिसली, तर पावसाआधी त्या लोकांना दुसरीकडे खोल्या देणं त्यांना भाग आहे. नाही दिसली, तर विषय संपला."

खात्याचं उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आलं. उड्डाण ठरलं दहा एप्रिलला, सकाळी अकरा वाजता.

दर्शनाने हे घरी सांगितलं, आणि इथे तिची दुसरी चूक झाली. पण घरी नाही सांगायचं तर कुणाला? जेवताना तिने भेगेचं, ठिपक्यांचं, ड्रोनचं, छपरं पुसून नुसती जमीनच बघतात त्याचं, सगळं समजावून सांगितलं. धोंडिराम भाकरी कुस्करत ऐकत होते. एकदाच त्यांनी विचारलं, "कधी येणार म्हणतीस ते?"

"दहा तारखेला. अकराला."

"बरं," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. बापाने वाद घातला नाही म्हणजे त्याला पटलं, असं तिला वाटलं. सव्वीस वर्षं त्याच घरात काढूनही तिला एवढं कळू नये?

दहा तारखेला संध्याकाळी ती असल्फ्याला मेट्रोतून उतरली, चढ चढली, आणि गल्लीच्या तोंडाशीच तिला ओल्या सिमेंटचा वास आला. गल्ली झाडून लख्ख केली होती. ओट्यांवर गेरू होता, निळ्या पताका लागल्या होत्या. बायका रिकाम्या पातेल्यांतून पोह्यांची खरवड काढत होत्या. ती तडक मागे गेली. भेग नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गिलावा मारून वर माती पसरली होती, मातीवर गवताची ढेकळंसुद्धा लावली होती. काम सुरेख होतं. धोंडिराम गवंड्याचं काम कधीच कच्चं नसे.

ते घरात बसून नखांतलं सिमेंट काढत होते.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं? जयंतीची डागडुजी. दर वर्षी करतो."

"जयंतीला अजून चार दिवस आहेत."

"मग? लवकर केली तर पाप लागतं?" त्यांनी मान वर केली. "सकाळी तू कामाला गेलीस तशी चाळीस माणसं राबली, अकराच्या आत संपवलं. घरटी एक. शंभरावर घमेली डबर गेलं आत. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण सगळ्यांना कळतंय. तुलाच कळत नाही. अठ्ठ्याण्णव साली पलीकडच्या गल्लीत अशीच मोजायला माणसं आली. दारांवर खडूनं आकडे टाकले. म्हणाले, धोका आहे, पावसाळा सरला की या परत. कोण आलं परत? देवनारला भाड्यानं सडतायत ती लोकं. झाकली मूठ सव्वा लाखाची असती, पोरी. तू ती उघडायला निघालीस."

"मूठ नाही बाबा, टेकडी आहे ती."

"माझ्या हातची घरं आहेत. काही होत नाही."

सुंदराबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि मग उठून तिने फोटो सरळ केला.

ड्रोनचे ठिपके ऑफिसात आले. लो पॉइंट एकही नव्हता. उतार नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत. खात्याचं पत्र आलं, चार ओळींचं. पुन्हा मोजणी झाली, भेग आढळली नाही, जानेवारीचे ठिपके यंत्राचा दोष होते, प्रकरण बंद. म्हणजे दर्शनाने फेब्रुवारीत जे केलं ते बरोबरच ठरलं. "सुटलीस," अनिरुद्ध सर म्हणाला. भेग बुजवलीय हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर बापाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि चाळीस शेजाऱ्यांचं. तिने ते मनात गिळून टाकलं. खरं सांगायचं तर दोन आठवडे तिला बरंही वाटलं. सगळे म्हणतात काही नाही, तर नसेल काही, असं माणूस स्वतःला समजावतो आणि त्याला झोप लागते. तीही झोपत होती, त्या अकरांतल्या चौथ्या घरात.

मेच्या पहिल्या आठवड्यात ड्रोनच्या ठिपक्यांचं उरलेलं काम करायचं होतं. नेहमीचंच, छपरं वेगळी काढून टाकायची. यात ऑफिसची एक पळवाट होती. प्रत्येक छप्पर नव्याने आखायचं म्हणजे कंटाळा, म्हणून मागच्या वेळी आखलेल्या रेषा उचलून नव्या ठिपक्यांवर टाकायच्या. रेषा बसल्या की काम झालं. घरं काही चालत नाहीत.

तिने जानेवारीच्या रेषा एप्रिलच्या ठिपक्यांवर टाकल्या. वरच्या गल्लीची छपरं बसली. खालच्या गल्लीची बसली. पलीकडची, अलीकडची, शंभराच्या वर छपरं आपापल्या रेषेत चपखल बसली. मधली अकरा बसेनात. प्रत्येक छप्पर आपल्या रेषेतून जरासं बाहेर आलेलं, एकाच बाजूला, उताराच्या दिशेने.

तिने मोजलं. मग पुन्हा मोजलं. चौदा सेंटिमीटर पुढे, नऊ सेंटिमीटर खाली. शकुमावशीच्या पत्र्यावर ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेला जुना टायर होता. तो पत्र्यावर जागच्या जागीच होता आणि पत्र्यासकट चौदा सेंटिमीटर पुढे आला होता. त्याच्या शेजारी सरकट्यांची पाण्याची काळी टाकी. तीही आली होती.

जमिनीला गिलावा करता येतो. छपरांना कुणी काही केलं नव्हतं, कारण छपरं कुणी बघत नाही, हे दर्शनानेच घरी सांगितलं होतं. ती स्वतःही कधी बघत नसे. सहा वर्षं तिने घरं पुसली होती आणि आता जे सांगायचं ते घरंच सांगत होती.

अनिरुद्ध सर तिच्या मागे येऊन उभा राहिला. "जुळवणीत चूक असेल," तो म्हणाला.

"बाकीची शंभर बसतात, सर."

तो वाकला. मग टाकीच्या काळ्या ठिपक्यांवर त्याने बोट ठेवलं. "हे कुणाचं घर?"

"आमचं."

आता तिने सगळं सांगितलं, गिलाव्याचं, ढेकळांचं, बापाचं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी आत्ता लिहितो," तो म्हणाला. "पण फायली आपल्या चालीनं चालतात, आणि पावसाला जेमतेम महिना आहे. नऊ सेंटिमीटर कोरड्यात, दर्शना. कोरड्यात! तू घरी जा. आत्ता जा. खातं काय म्हणायचं ते म्हणेल, तू लोकांना बाहेर काढ."

दुपारी तीन वाजता ती घरी पोचली तेव्हा धोंडिराम दारात बसून तंबाखू मळत होते. तिने कागद पुढे धरला. त्यांनी तो घेतलाच नाही.

"कागदावर काय पण दाखवता येतं. मागं दाखवलं भेग आहे, मग दाखवलं भेग नाही. तुमचं मशीनच येडं आहे."

"बाबा, छपरं सरकलीत. आपलं पण."

"माझं घर? मी बांधलेलं?" ते हसले. "ओळंब्यात आहे ते, पोरी."

आत सुंदराबाई कंबर धरून उभी राहिली. "भांडू नका रे उन्हाचं," असं पुटपुटत सवयीने भिंतीकडे गेली. फोटो वाकडा झाला होता. तिने काच पुसायला पदर हातात घेतला.

"आई, थांब," दर्शना म्हणाली. "हात लावू नको."

ती फोटोकडे बघत होती. सुतळीने एका खिळ्याला मोकळा टांगलेला फोटो. त्याची कड आणि खिडकीची चौकट, दोन्ही एकमेकींपासून फटकून होत्या. रोज सकाळी आई चौकट खरी मानायची आणि फोटो तिला जुळवून घ्यायची. दर्शनाने कोपऱ्यातल्या खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढली, आतला ओळंबा काढला आणि वडिलांसमोर धरला.

"लावा," ती म्हणाली.

"काय लावा?"

"माझं मशीन येडं आहे ना? मग तुमचं लावा."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं जे तिने बापाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते भ्यायले होते. ते उठले. स्टुलावर चढून त्यांनी फोटोच्या शेजारच्या खिळ्यात दोरी अडकवली. पितळी वजन झुललं, फिरलं, हळूहळू स्थिर झालं.

दोरी फोटोच्या कडेला लागून सरळ खाली उतरली. दोन्हींच्यामध्ये केसाचंही अंतर नव्हतं. खिडकीची चौकट मात्र वरून निघून खालपर्यंत येता येता दोरीपासून दोन बोटं लांब गेली होती. धोंडिरामांनी बोटं लावून बघितली. मग समोरच्या भिंतीला ओळंबा लावला. तिथेही दोन बोटं. दाराच्या चौकटीला लावला. ओळंबा परत फोटोशेजारच्या खिळ्यात अडकवून ते खाली बसले.

"चौऱ्याण्णव साली दोरीत होतं," ते म्हणाले. "सुंदरे, तूच दोरी धरली होतीस."

"व्हय," सुंदराबाई म्हणाली. तिची नजर फोटोवर होती. "म्हंजे हा सरळच होता. आन् मी रोज…" दर्शनाने आईचा हात धरला.

धोंडिराम उठले, पिशवीतली हातोडी घेतली आणि अनवाणीच मागे गेले. दर्शना त्यांच्या मागोमाग गेली. त्यांनी पायाने ढेकळं उडवली, माती सारली, आणि हातोडीच्या दांड्याने गिलाव्यावर टकटक केलं. गवंड्याला गिलावा दिसावा लागत नाही, ऐकू आला की पुरे. भरीव गिलाव्याचा आवाज बसका येतो. हा मडक्यासारखा वाजला. ते चार पावलं पुढे गेले, पुन्हा ठोकलं. तसाच. उंबरापर्यंत गेले. तसाच.

"ओ धोंडिरामभाऊ!" शकुमावशी हातातला तांब्या घेऊन धावत आली. "डोक्यात फरक पडलो की काय तुमच्या? माझ्या घराच्या मागची भेग उघडतास? सर्व्हेवाले येतीत, आकडे घालतीत, माका म्हातारेक खंय नेऊन टाकतीत! फोडशात तर याद राखा, सांगून ठेवतंय!"

त्यांनी हातोडी उचलली आणि मारली. गिलावा दोन बोटं जाडीचा होता, पहिल्याच घावाला खाली गेला. खाली काही नव्हतं. शंभरावर घमेली डबर त्यांनी स्वतः मोजून आत टाकलं होतं, दगडावर दगड रचून, पहारीने ठासून. एका महिन्यात टेकडीने ते सगळं गिळलं होतं. भेग आता हातभर रुंद होती. धोंडिरामांनी फुटलेल्या गिलाव्याचा एक तुकडा आत टाकला. तो आपटत गेला, आपटत गेला, आणि आवाज लहान होत होत बंद झाला.

शकुमावशीने तोंडावर हात ठेवला. तिने तांब्यातलं पाणी भेगेत ओतलं, का ओतलं ते तिलाच ठाऊक, आणि कान देऊन ऐकत राहिली. मग घरात गेली. थोड्या वेळाने आतून फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला. म्हातारी एकटीच गॅसचा सिलिंडर गडगडवत दाराबाहेर आणत होती.

तो आवाज ऐकून गल्लीतली दारं उघडली. लोक मागे आले आणि भेगेत डोकावले. महिनाभरापूर्वी याच लोकांनी इथे पोहे खाल्ले होते. कुणी धोंडिरामांना शिव्या दिल्या, पण त्यांत जोर नव्हता. कुणी विचारलं, जायचं कुठे? दर्शना म्हणाली, "आज विहाराच्या हॉलमध्ये. उद्याचं उद्या." याहून जास्त तिच्याकडे काही नव्हतं, आणि तिने असल्याचा आवही आणला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा घरांतली भांडी, गाद्या, शिलाईची मशिनं, परीक्षेची पुस्तकं विहारात येऊन पडली. सुंदराबाईने सगळ्यात शेवटी फोटो काढला आणि छातीशी धरून चढ उतरली. रिकाम्या भिंतीवर ओळंबा तसाच लटकत राहिला. धोंडिराम तो काढायला विसरले, किंवा विसरले नसतील.

उजेड होता तोवर दर्शना आणि धोंडिराम खालच्या गल्लीत गेले. वरची टेकडी सुटली तर त्या लोकांच्या डोक्यावर येणार, त्यांनाही सांगायला हवं होतं. छपरं त्यांची हलली नव्हती. दर्शनाच्या कागदावर ही गल्ली ठाकठीक होती. पण कागद दहा एप्रिलचा होता.

धोंडिरामांनी पहिलं दार ठोठावलं. आतून बाईचा आवाज आला, "आले, आले," आणि दार थडथडलं, पण उघडलं नाही. आतून कुणीतरी ओढत होतं. "थांबा हं जरा," बाई म्हणाली, मग आणखी कुणाला तरी हाक मारली, आणि दोघींनी मिळून हिसका दिला तेव्हा कुठे दार करकरत सुटलं.

"आठ दिवस झाले, असंच करतंय मेलं," ती घाम पुसत हसून म्हणाली. "फुगलंय."

धोंडिरामांनी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, मग खालच्या. मे महिन्याच्या उन्हात लाकूड फुगत नाही, हे गवंड्याला कुणी सांगावं लागत नाही.

"बारावं," ते मुलीला म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे वळले.